हिवाळी सायकल सराव : सागरी रस्ता की आंबा घाट?

रत्नागिरीहून डिसेंबर-जानेवारीत सायकलचा लांब पल्ल्याचा सराव करायचा, तर आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड हा सागरी रस्ता आणि साखरप्यावरून आंबा घाट असे दोन पर्याय आहेत. सागरी रस्त्यावर खाडीपाशी उतरून पुन्हा सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढावे लागते. हे चढ आखूड पण तीव्र असल्याने गिअर सतत बदलावे लागतात आणि पायांना एकसारखी लय सापडत नाही. शिवाय जयगडहून फेरीबोटीने तवसाळला जायचे ठरवले, तर बोटीची वाट पाहताना तापलेले स्नायू थंडावतात (चहा मात्र निवांत होतो). आंबा घाटात सलग दीर्घ चढ मिळतो, पण मालमोटारींची वर्दळ सोसावी लागते. तरीही पायांत ताकद आणण्यासाठी आखूड, तीव्र चढांचा मी सागरी रस्ताच निवडेन.