तीन आठवडे बाहेर जायचंय: लोकम, आरएमओ, एजन्सी की शेजारचा डॉक्टर?

तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचं रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला लोकम, म्हणजे आपल्या गैरहजेरीत काम बघणारा बदली डॉक्टर, शोधायची वेळ आली की तो आधी दिवसाचा दर विचारतो. माझ्या मते दराच्या आधी एक गोष्ट पाहावी. तुमच्या मागे जे काम होणार आहे, ते त्याच दिवशी संपणारं आहे की मागे उरणारं?

ताप, जुलाब, ड्रेसिंग, बीपीच्या गोळ्या वाढवून देणं हे बहुतेक त्या दिवशी संपतं. अशा ओपीडीला रोजाने येणारा लोकम सर्वांत सोयीचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी टाकल्या की फोन येतात. नीट पीजीची (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशाची) परीक्षा जवळ आली असेल तेव्हा मात्र ग्रुपवर शुकशुकाट असतो. येणाऱ्याचा एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी) क्रमांक कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, तेव्हा तीही तारीख बघा. निघण्याआधी एक पूर्ण ओपीडी त्याला शेजारी बसवून चालवा, म्हणजे तुमच्या मेडिकलमध्ये कोणती औषधं असतात आणि अवघड पेशंट कुठे पाठवायचा हे त्याला कळेल. आणि सही केलेली कोरी लेटरहेड सिस्टरकडे ठेवून जाऊ नका. लोकमने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या नोंदणी क्रमांकाने लिहायचं.

प्रसूती आणि शस्त्रक्रिया यांचं गणित वेगळं. लोकम स्त्रीरोगतज्ज्ञाने शेवटच्या दिवशी सिझेरियन केलं आणि सहाव्या दिवशी टाक्यातून पू आला, तर बघणार कोण? इथे शेजारच्या गावातला सहव्यवसायी बरा. आज त्याने तुमचं बघायचं, दिवाळीत तुम्ही त्याचं. पैसे तिथेच जातात, काही पेशंट कायमचे तिकडचे होतात, आणि याच भीतीने बरेच जण हा पर्याय टाळतात. मी तो तोटा पत्करेन. नववा महिना लागलेल्या बायकांना आधीच नाव-पत्ता देऊन, फाइलची प्रत हातात ठेवून तिकडे पाठवावं, आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रिया परत आल्यावर घ्याव्यात.

सोनोग्राफी यंत्राला तर लोकम नकोच. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या) नियमांनुसार केंद्रातल्या डॉक्टरचा बदल समुचित प्राधिकाऱ्याला किमान 30 दिवस आधी कळवावा लागतो, आणि एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच केंद्रांवर काम करता येतं. ‘नुसते ठोके बघतो’ म्हणून नोंद नसलेल्या डॉक्टरने प्रोब हातात घेतला तरी अडकाल. तेवढे दिवस खोलीला कुलूप लावा.

एजन्सीमार्फत घेतलेला डॉक्टर महाग पडतो. कमिशन असतं, वर त्यांच्या बिलावर 18 टक्के जीएसटी, आणि उपचारसेवा करमुक्त असल्याने त्याचं क्रेडिटही रुग्णालयाला मिळत नाही. त्या बदल्यात कागदपत्रं तपासलेली असतात आणि एखादा आला नाही तर दुसरा मिळतो. बदली किती तासांत, आणि तोच डॉक्टर तुम्ही पुढे थेट नेमला तर किती रक्कम द्यायची, ही दोन कलमं करारात नीट वाचा. शहरातल्या मोठ्या आयसीयूला रात्रीची रोटा भरायला हे परवडतं, पंधरा खाटांना क्वचितच. एजन्सीचा माणूस म्हणून जबाबदारी टळेल असं मात्र समजू नका. डॉक्टर पगारी असो की बाहेरून बोलावलेला, रुग्णालय जबाबदारी झटकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या सविता गर्ग प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तुमच्या इन्डेम्निटी पॉलिसीत (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीच्या विम्यात) लोकम धरलेला आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

‘आपला आरएमओ (रुग्णालयातला निवासी डॉक्टर) आहे की, तो बघेल’ हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचा पर्याय. महाराष्ट्रात रात्रीचे कितीतरी आरएमओ बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) असतात. तुम्ही वरच्या मजल्यावर राहता तोवर ती व्यवस्था चालते, कारण निर्णय तुमचा असतो. तुम्ही विमानात असताना त्याच्या वर कोणीच नाही. होमिओपॅथने ॲलोपॅथीचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा प्रकरणात 1996 मध्येच म्हटलं. सीसीएमपीचा, म्हणजे होमिओपॅथना ॲलोपॅथीची औषधं देता यावीत म्हणून काढलेल्या अभ्यासक्रमाचा, वाद त्यानंतरचा. आरएमओ असला तरी त्याच्या वर एक एमडी नेमा आणि त्याचं नाव केसपेपरवर येऊ द्या. उलट, दर महिन्याला लोकम शोधावा लागत असेल तर तुम्हाला लोकम नव्हे, अकरा महिन्यांच्या करारावरचा पूर्णवेळ एमबीबीएस हवा आहे.

आता दुसऱ्या बाजूने. इंटर्नशिप संपवून पीजीचा अभ्यास करणाऱ्याला लोकम गोड वाटतो: हातात रोख, मधले दिवस मोकळे. आरएमओच्या नोकरीत ताशी हिशेब केला तर कमी मिळतं, पण विचारायला वरिष्ठ असतो आणि अनुभवाचं प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या वर्षात एकट्याने रात्र सांभाळायचा लोकम मी कुणाला सुचवणार नाही, दर कितीही असो. दिवसाची ओपीडी खुशाल घ्या. लोकमचे पैसे व्यावसायिक फी धरले जातात. रक्कम मर्यादेपुढे गेली की 10 टक्के टीडीएस कापला जातो, तो परत हवा तर रिटर्न भरावंच लागतं. इन्डेम्निटी पॉलिसी स्वतःची काढा. हो म्हणण्याआधी ऑक्सिजन, लॅरिंगोस्कोप (श्वासनलिकेत नळी घालायचं साधन) आणि रात्री फोन उचलणारा भूलतज्ज्ञ आहे का, हे विचारा.

मारामारीची किंवा अपघाताची केस आली तर एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) तुमच्या सहीने होते, आणि साक्षीला तुम्हालाच बोलावतात, तेव्हा तुम्ही कुठे का असेना. एमएलसी क्रमांक, तारीख आणि पोलीस ठाणे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. समन्स येईपर्यंत त्या रुग्णालयातला स्टाफही बदललेला असतो.