'फ्रेम उघडू नका' म्हणणारा विक्रेता

जुन्या कार्टून सिनेमांचे सेल, म्हणजे ज्यांवर एकेक चित्र रंगवून सिनेमा काढायचे ते पारदर्शक प्लॅस्टिकचे कागद, जमवणारे आपल्या बेळगाव-निपाणी भागात मोजकेच. त्यांच्यावरच सध्या एक माणूस टपून आहे. आमच्या दाजींना त्याने ८५,००० रुपयांना टोपी घातली, म्हणून हे लिहितोय.

दाजी खानापूरचे. जुन्या नोटा-तिकिटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांची या माणसाशी ओळख झाली. माल होता १९६७ च्या 'जंगल बुक'मधला बलू अस्वल. ''शूटिंगला वापरलेला ओरिजिनल सेल, रेषासुद्धा हाताने शाईच्या,'' असं सांगितलं. १०,००० टोकन यूपीआयने, बाकी रोख. देणंघेणं कोल्हापुरात, स्टँडजवळच्या लॉजवर. अट एकच: फ्रेम उघडायची नाही, हवा लागली की रंग सुटतो आणि किंमत पडते.

माझा शहापुरात स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा आहे. लग्नपत्रिका, पिशव्या, स्टिकर. दाजी फ्रेम दाखवायला आले तेव्हा सवयीने भिंग लावलं. रंग सगळीकडे एकसारखा सपाट, रेषेची जाडी कुठे बदलत नाही.

''दाजी, हे स्क्रीनचं काम आहे.''

''उगंच काय तर बोलालास. सर्टिफिकेट हाय की!''

सर्टिफिकेट होतं, आणि गंमत म्हणजे ते अस्सल होतं. पण पाठीमागच्या कागदाखाली अर्धं दडवलेलं. वर फक्त होलोग्राम दिसत होता. फ्रेम उघडली तेव्हा खालच्या ओळी वाचता आल्या: हा सेरिसेल आहे, स्क्रीनने छापलेली मर्यादित आवृत्ती, चित्रपटात वापरलेला नाही. चित्राच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा नंबरही माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकलेला. सेरिसेल काढणारी कंपनी यात काही लपवत नाही. असे सेरिसेल शोभेसाठीच निघतात आणि खऱ्या सेलच्या मानाने फार स्वस्त मिळतात. लपवलं ते या भामट्याने.

खरा सेल म्हणजे ॲसिटेटचा पारदर्शक कागद. बाहेरची रेषा पुढच्या बाजूला, रंग मागच्या बाजूला. उलटा करून तिरका उजेडात धरलात तर मागे कुंचल्याचे फटकारे, कुठे जाड कुठे पातळ रंग दिसतो. एका सेकंदाला २४ फ्रेम, त्यामुळे प्रत्येक चित्र जागच्या जागी बसावं म्हणून कागदाच्या कडेला खुंट्यांसाठी भोकं असतात, आणि बहुतेक वेळा कोपऱ्यात क्रमांकही. कधी कधी हा भाग कापलेला असतो, त्यामुळे भोकं नाहीत म्हणजे नकलीच असं नाही; आणि भोकं पाडायला काय, पंच मशीन कुणाकडेही असतं. पण मागची बाजू दाखवायलाच कुणी तयार नसेल, तर तिथूनच परत फिरा. उघडलेल्या फ्रेममुळे रंग उडतो ही शुद्ध थाप आहे. उलट ॲसिटेट सडायला लागलं की व्हिनेगरसारखा वास येतो, आणि तो कोंडून ठेवणं जास्त वाईट.

त्याची दुसरी थाप तर जागेवरच पकडता येते. डिस्नेने १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'पासून अख्ख्या सिनेमासाठी ॲनिमेटरची पेन्सिल-रेषा झेरॉक्सच्या तंत्राने सेलवर उतरवायला सुरुवात केली. १९६७ च्या बलूची बाह्यरेषा हाताच्या शाईची कशी असेल? खऱ्या सेलमध्ये ती किंचित खरखरीत, पेन्सिलीचा पोत असलेली दिसते. हाच माणूस आता 'लायन किंग'चे 'शूटिंगला वापरलेले' सेल विकतोय म्हणे. १९९४ चा तो सिनेमा कॉम्प्युटरवर रंगवलेला. कॅमेऱ्याखाली गेलेला सेल त्याचा नाहीच!

तक्रारीचं सांगतो, कारण आपल्या सीमाभागात लोक तिथेच दमतात. ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, ''व्यवहार कोल्हापूरचा, तिकडे जा.'' नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीबाहेरचा दखलपात्र गुन्हाही कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. हे कलमाच्या आकड्यासकट सांगितल्यावर साहेबांनी बसायला खुर्ची दिली. यूपीआयने पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर तितकी पुढच्या खात्यात जायच्या आत रक्कम अडण्याची आशा.

दाजींच्या टोकनचं खातं गोठवलं गेलंय. रोख ७५,००० ची पावती नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं ''फ्रेम मात्र उघडू नका, सर'' एवढं आहे. ते प्रिंट काढून तक्रारीला जोडलंय.