मास्टर पी, फिफ्टी सेंट की डॉ. ड्रे? धंदा वाढवताना कोणाची वाट धरायची

स्वतःच्या पैशावर उभा केलेला धंदा बरा चाललाय आणि आता दारात कोणीतरी मोठं आलंय. सुपरमार्केटची साखळी असेल, गुंतवणूकदार असेल, नाहीतर तुमचा माल स्वतःच्या नावाने विकू पाहणारी कंपनी. हो म्हणायचं का? या प्रश्नावर मला अमेरिकेतले रॅपर फार कामाचे वाटतात. त्यांच्यापुढे तो ऐन विशी-पंचविशीत येतो, आणि तेव्हा शेजारी धड वकीलही नसतो. रेकॉर्ड कंपनी ॲडव्हान्स देते, रॉयल्टीतून वळता करून घेते, आणि तो फिटला तरी मूळ ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर, बहुतेक वेळा कंपनीकडेच राहतं. कर्ज फिटलं तरी सातबारा सावकाराच्याच नावावर, असा हा व्यवहार.

यातून सुटायच्या त्यांनी मुख्यतः तीन वाटा काढल्या.

मालकी आपली, वाहतूक दुसऱ्याची

न्यू ऑर्लिन्सच्या गरीब सरकारी वसाहतीत वाढलेल्या पर्सी मिलरने, म्हणजे मास्टर पीने, आजोबांच्या मृत्यूनंतर हाती आलेल्या सुमारे १० हजार डॉलरमधून कॅलिफोर्नियातल्या रिचमंडमध्ये 'नो लिमिट' हे रेकॉर्डचं दुकान टाकलं. आधी दुकानदार, मग गायक, मग त्याच नावाच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक. स्वतःच्या कॅसेट तो गाडीच्या डिकीतून विकायचा. १९९६ मध्ये त्याने प्रायॉरिटी रेकॉर्ड्सशी केलेला करार आजही लोक दाखल्यासारखा सांगतात: माल दुकानांत पोचवायचं काम प्रायॉरिटीचं, ध्वनिमुद्रणाचा खर्च त्याचा, मिळकतीतले ८५ टक्के त्याचे आणि मास्टरही त्याचेच. स्वतःकडे जे नव्हतं, म्हणजे देशभरातल्या दुकानांपर्यंतची पोच, तेवढंच त्याने विकत घेतलं.

त्याच्या सीडीची पुस्तिका उघडून बघावी. बाकीच्यांच्या पुस्तिकेत गाण्यांचे शब्द आणि आभार असतात. 'नो लिमिट'च्या पुस्तिकेत पानोपानी त्याच कंपनीच्या येऊ घातलेल्या अल्बमच्या जाहिराती. मुखपृष्ठं ह्यूस्टनच्या 'पेन अँड पिक्सेल' या डिझाइन कंपनीची, सोनं आणि हिरे नुसते ओसंडून वाहणारी. दिसायला भडक, पण रॅकवर दुरून ओळखू येणारी. एक अल्बम घेणाऱ्याला पुढचे पाच दिसायचे, आणि जाहिरातीचा खर्च जवळपास शून्य. आपल्याकडे मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजू किती जण अशी वापरतात?

आता दुसरी बाजू. खर्च आपला म्हणजे जोखीमही आपलीच. 'नो लिमिट'ने अल्बमचा धडाका लावला आणि दर्जा घसरला. कंपनीचा खास आवाज घडवणारे संगीत निर्माते सोडून गेले, आणि २००३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मालकी पूर्ण असली की चुकाही पूर्णपणे आपल्याच असतात.

लहान धंद्याला याच वाटेवरचा निप्सी हसल जास्त जवळचा वाटेल. २०१३ मध्ये या लॉस एंजेलिसच्या रॅपरने 'क्रेनशॉ' ही मिक्सटेप, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय काढलेला गाण्यांचा संग्रह, इंटरनेटवर फुकट ठेवली आणि सोबत फक्त १,००० प्रती काढल्या, प्रत्येकी १०० डॉलरला. एका दिवसात संपल्या. त्यातल्या १०० एकट्या जे-झी या बड्या रॅपरने घेतल्या. म्हणजे फुकट मिळणाऱ्या मालावर एक लाख डॉलरची विक्री. गर्दीला फुकट द्यायचं आणि पैसे मोजायला तयार असलेल्या थोड्यांसाठी वेगळं काही ठेवायचं, हे त्याला नेमकं जमलं. पण हाच निप्सी २०१८ च्या अल्बमसाठी ॲटलांटिक रेकॉर्ड्ससोबत भागीदारीत गेला. एकट्याने किती पल्ला गाठता येतो याचा हिशेब त्याच्याकडे होता.

मानधनाऐवजी हिस्सा

१९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने अदिदासशी जाहिरातीचा करार केला. हिप-हॉपमधला, म्हणजे रॅपच्या दुनियेतला, तो पहिला मोठा करार. पैसे मिळाले, विषय संपला. रॅपर फिफ्टी सेंटने २००४ च्या सुमाराला व्हिटॅमिनवॉटर हे पेय बनवणाऱ्या ग्लासो कंपनीकडून जाहिरातीतल्या चेहऱ्याच्या बदल्यात कंपनीतला थोडा हिस्साही घेतला. त्याच्यासाठी द्राक्षाच्या चवीचं पेय निघालं. २००७ मध्ये कोका-कोलाने ग्लासो ४.१ अब्ज डॉलरला विकत घेतली आणि त्या छोट्या हिश्श्याचे कोट्यवधी डॉलर झाले.

ही गोष्ट भाषणांत सगळ्यात जास्त सांगितली जाते आणि माझ्या मते सगळ्यात कमी लोकांच्या उपयोगाची आहे. कंपनीला हवी होती ती प्रसिद्धी त्याच्याकडे आधीच होती. शिवाय कंपनी कोणी विकत घेईपर्यंत असा हिस्सा कागदच असतो. त्यावर घराचं भाडं भागत नाही. आणि याच फिफ्टी सेंटने २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, हा भाग भाषणात येत नाही. पोट भरण्याची दुसरी सोय असेल तरच हिस्सा घ्या.

उभं करून विकणं

रॅपर-निर्माता डॉ. ड्रे आणि रेकॉर्ड कंपनी चालवणारा जिमी आयोव्हिन यांनी २००६ मध्ये बीट्स ही हेडफोनची कंपनी काढली, २०१४ मध्ये ॲपलने ती ३ अब्ज डॉलरला घेतली. मधल्या काळात एचटीसी ही मोबाइल कंपनी भागीदार म्हणून आली-गेली, कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने ५० कोटी डॉलर घातले. आपला माल कोणीही नक्कल करू शकेल असा असेल आणि पुढे जायला मोठं भांडवल लागणार असेल, तर ही वाट खरी. जे-झीनेही २००७ मध्ये रोकावेअर या कपड्यांच्या ब्रँडचे हक्क २० कोटी ४० लाख डॉलरला विकले.

पण या गोष्टीत मला ड्रेपेक्षा मॉन्स्टर महत्त्वाची वाटते. केबल बनवणारी ही कॅलिफोर्नियातली कंपनी. सुरुवातीचे बीट्स हेडफोन हिनेच बनवले, हिनेच दुकानांत पोचवले. नाव मात्र बीट्सचं. २०१२ च्या अखेरीस करार संपला आणि मॉन्स्टर बाहेर पडली. ॲपलच्या पैशाच्या वेळी ती त्या टेबलावर नव्हती. दुसऱ्याच्या लेबलखाली माल पुरवणाऱ्याने ड्रेची गोष्ट वाचताना स्वतःला ड्रे समजू नये.

मग निवड?

गिऱ्हाईक पुन्हापुन्हा येणारा माल असेल, लोणचं, मसाले, कपडे, तर मी डोळे झाकून मास्टर पीची वाट सांगेन, अल्बमचा धडाका वगळून. मोठ्या कंपनीला नाव देऊ नका, हवं तर मुदत द्या. चान्स द रॅपरने २०१६ चा अल्बम ॲपल म्युझिकला फक्त दोन आठवडे एकट्याने वाजवू दिला, पाच लाख डॉलर घेतले, आणि पंधरवड्यानंतर तो सगळीकडे मोकळा. मुंबईच्या डिव्हाइन या रॅपरनेही २०१९ मध्ये 'गली गँग' ही स्वतःची कंपनी काढली आणि त्याच वर्षी अमेरिकन रॅपर नासच्या मास अपील या रेकॉर्ड कंपनीच्या भारतीय शाखेशी हात मिळवला. स्वतःचं घर राखून सोबत घेणं असंही जमतं.

सहीपूर्वी करारात चार गोष्टी शोधा. ट्रेडमार्क कोणाच्या नावावर नोंदवलाय, न विकलेला माल कोणाच्या माथी, करार मोडायला किती दिवसांची नोटीस, आणि समोरची कंपनीच उद्या विकली गेली तर तुमचं काय. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या मुद्द्यावर उत्तर टाळलं गेलं, तर ॲडव्हान्सचा चेक कितीही मोठा असू दे, आधी वकिलाकडे जा.