साडेचार हजारांचा टॅब्लेट, फुकटचं क्रिटा आणि सिंहगडावरचा ढग

मी कोथरूडमधल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते. मुलांच्या वाचनासाठी चित्रकार्डं मीच करते. वर चित्र, खाली चार-पाच ओळी. गेल्या ऑगस्टमध्ये शेळीचं कार्ड वाटलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, शेळी कुठे उभी आहे?" शेळी चांगली जमली होती, दोरी धरलेला मुलगाही जमला होता, पण दोघांच्या मागे कोरा कागद होता. कोपऱ्यात पाच सारख्या फुगवट्यांचा एक ढग होता, त्याला खाली बुंधा काढला असता तर त्याचंच झाड झालं असतं. मुलीचा प्रश्न रास्त होता. माणसं आणि प्राणी मला काढता येतात, त्यांच्या मागचं जग काढता येत नाही, हे त्या दिवशी लख्ख दिसलं.

दिवाळीच्या सुट्टीत पेनचा टॅब्लेट (पेनने त्याच्यावर काढलेलं संगणकाच्या पडद्यावर उमटतं अशी पाटी) घेतला आणि लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर टाकलं. दहा महिने झाले, शाळेच्या दिवशी अर्धा तास आणि रविवारी बराच वेळ त्यावर बसते. रंगकाम, छटा, चकचकीत पोस्टर यांतलं मी काही करत नाही. माझं काम फक्त रेघांचं आहे, कारण कार्डांची शेवटी झेरॉक्स होते. करड्या छटा झेरॉक्समध्ये डागाळतात किंवा ठिपक्याठिपक्यांच्या होतात, काळी रेघ तेवढी स्वच्छ उतरते. तेव्हा हा अनुभव साध्या रेघांत ढग, डोंगर, झाडं, वाडे काढू पाहणाऱ्यांसाठी आहे.

टॅब्लेट लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानातून घेतला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही सांगायची आहे. दुकानातल्या मुलाने आधी स्क्रीनवालाच दाखवला. "मॅडम, बिनस्क्रीनचा जमत नाही लोकांना," म्हणाला. किंमत चौपटीच्या पुढे होती. मी साडेचार हजारांचा बिनस्क्रीनचा घेतला. काढायची जागा साधारण दहा इंच बाय सव्वासहा इंच, पेनला चार्जिंग लागत नाही, आणि डबीत दहा जादा टोकं मिळाली. हात खाली टॅब्लेटवर आणि नजर समोर पडद्यावर, ही सवय व्हायला मला पंधरा दिवस लागले. पहिले चार दिवस साधा चौकोन बंद होत नव्हता. पण एकदा हात बसल्यावर मला हेच बरं वाटायला लागलं. स्वतःच्या हाताची सावली आणि बोटं चित्रावर येत नाहीत, लांब डोंगररेघ ओढताना ती कुठे जाऊन थांबायची आहे ते शेवटपर्यंत दिसत राहतं, आणि मान वाकत नाही. वह्या तपासून आधीच मान दुखत असते, त्यामुळे हा फायदा मला मोठा आहे.

आता तक्रार. डब्यातल्या माहितीपत्रकात एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेलीच नव्हती. माझ्या टॅब्लेटचं प्रमाण सोळाला दहा आणि लॅपटॉपच्या पडद्याचं सोळाला नऊ. मूळ सेटिंगमध्ये सगळा टॅब्लेट सगळ्या पडद्यावर ताणला जातो आणि हाताने काढलेला गोल पडद्यावर आडवा होतो. मी महिनाभर माझे ढग बसके का येतात म्हणून हाताला दोष देत होते. शेवटी एक वाटी उपडी ठेवून तिच्या कडेने पेन फिरवला तेव्हा कळलं. टॅब्लेटच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्याला संगणकाशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रमाण कायम ठेवण्याची खूण असते, ती पहिल्याच दिवशी करा. खालची थोडी जागा वाया जाते, जाऊ द्या. दुसरी अडचण म्हणजे, पेन क्षणभर टेकवून थांबलं की संगणकाला ते माउसचं उजवं बटण वाटायचं आणि टोकाखाली एक छोटं वर्तुळ उमटायचं. रेघ उशिरा सुरू व्हायची. ड्रायव्हरमधला विंडोज इंकचा (पेन हाताळायची विंडोजची स्वतःची पद्धत) पर्याय बंद केला, क्रिटाच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विंटॅब ही दुसरी पद्धत निवडली, क्रिटा बंद करून परत उघडलं, मग थांबलं. विक्रेत्याला फोन केला होता, त्याला यातलं काहीच सांगता आलं नाही.

क्रिटाबद्दल मात्र मला मनापासून चांगलंच लिहायचं आहे. ते फुकट आहे, म्हणजे महिनाभर वापरा मग पैसे भरा असलं फुकट नाही. त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचं आणि वापरायचं. क्रिटा हा स्वीडिश शब्द, अर्थ खडू. शिक्षिकेला याहून गोड नाव कुठलं असणार! ब्रशांची यादी उघडली की भांबावायला होतं, पण रेघांच्या कामाला मला दोनच पुरतात. एक इंक-टू फाइनलायनर, जो दाब दिला तरी जाडी बदलत नाही, आणि दुसरा इंक-थ्री जीपेन, जो दाबाप्रमाणे जाड-बारीक होतो. इमारती पहिल्याने, झाडं आणि ढग दुसऱ्याने.

ज्या सोयीचं सगळे कौतुक करतात तिच्याविषयी माझं मत थोडं वेगळं आहे. रेघ गुळगुळीत करण्यासाठी क्रिटात काही पर्याय आहेत, त्यातला स्टॅबिलायझर सर्वांत जोरकस. हात थरथरला तरी रेघ सरळ, सुरेख येते. दूरच्या डोंगराची कड, रस्ता, छपराची पन्हळ यांसाठी तो अप्रतिम आहे. ढगाला मात्र तो मारतो. ढगाची कड कशी असते? एक मोठा फुगवटा, त्याच्या खांद्यावर दोन बारके, मग थोडी जागा नुसतीच, मग एकदम टोकदार खाच. स्टॅबिलायझर या खाचा भरून काढतो, बारके फुगवटे मोठ्यात मिसळून टाकतो आणि सगळे एकसारखे गोल करून ठेवतो. म्हणजे माझा जुना पाच फुगवट्यांचा ढग, फक्त जास्त गुळगुळीत. हे लक्षात यायला मला जानेवारी उजाडला. तेव्हापासून ढग काढताना हा पर्याय पूर्ण बंद ठेवते, पेन मनगटाने न फिरवता कोपरापासून फिरवते आणि कड एका दमात पुरी करत नाही. तीन-चार तुकड्यांत काढते, मध्ये जागा सोडते. जिथे ऊन पडतं तिथे रेघ तुटली तरी चालते, नव्हे, तुटलेलीच चांगली दिसते. खालची बाजू मात्र जवळजवळ सपाट, थोडी जाड.

ही सपाट बाजू मला कुठल्याच ब्रशाने शिकवली नसती. त्यासाठी मे महिन्यात गच्चीवर जावं लागलं. दुपारी तीननंतर पुण्यात वळवाचे ढग चढायला लागतात तेव्हा नीट बघा. वरून कितीही फुललेले असोत, सगळ्यांचे तळ एका पातळीत कापल्यासारखे असतात. तापलेली हवा वर जाते, जाता जाता थंड होते, आणि एका ठरावीक उंचीवर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं. त्या परिसरात ती उंची साधारण सारखीच, म्हणून तळ सारखे. लंडनच्या लूक हॉवर्ड या औषधं बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञाने १८०२ मध्ये ढगांना लॅटिन नावं दिली, त्यात या ढगांना क्युम्युलस म्हटलं. क्युम्युलस म्हणजे ढीग, रास. रास जमिनीवर बसलेली असते, तिला बूड असतं. माझ्या जुन्या ढगांना बूडच नव्हतं, ते चारी बाजूंनी फुगलेले होते, म्हणून ते कुठेच बसत नव्हते.

तळ एका पातळीत आहेत हे कळलं की पुढची गोष्ट आपोआप सुटते. आमच्या शाळेच्या लांब व्हरांड्यात छताला ट्यूबलाइट आहेत. एका टोकाला उभं राहून पाहिलं तर डोक्यावरची ट्यूब लांबलचक दिसते, आणि पुढच्या पुढच्या लहान, खाली आणि एकमेकींच्या जवळ जवळ दिसतात. आभाळाचंही तसंच. डोक्यावरचे ढग मोठे आणि सुटे, क्षितिजाकडचे बारीक, चपटे, दाटीने लागलेले. मी तिसरीच्या मुलांना व्हरांड्यात उभं करून हे दाखवलं, त्यांना एका मिनिटात कळलं. कार्डाच्या वरच्या कडेला अर्धा कापलेला एक मोठा ढग आणि खाली डोंगरापाशी तीन आडव्या चिमुकल्या पट्ट्या एवढंच काढलं, तरी मधलं सगळं आभाळ न काढता उघडतं.

डोंगरांचीही मला नव्याने सुरुवात करावी लागली. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, स्मरणचित्रात गाव म्हटलं की दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य काढायचे. आपला सह्याद्री असा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्याचा हा डोंगर. म्हणून माथा सपाट, मग उभा कातळकडा, मग उतार, परत कडा, परत उतार. पायऱ्या आहेत त्या. गच्चीवरून सिंहगड बघताना कड नुसती बोटाने हवेत गिरवली तरी या पायऱ्या हाताला लागतात. आता मी माथ्याची एक सपाट रेघ, दोन्हीकडे दोन-दोन पायऱ्या आणि कड्याच्या जागी चार उभ्या बारीक रेघा काढते. माथ्यावर दूरदर्शनचा मनोरा म्हणून एक काडी. वर्गात कार्ड दाखवलं की मुलं "सिंहगड!" म्हणून ओरडतात. त्रिकोणाला कुणी कधी नाव घेऊन ओळखलं नव्हतं.

क्रिटातल्या लेयरचा खरा उपयोग मला इथे झाला. कागदावर डोंगर आधी काढला की झाड त्याच्यावर बसत नाही, मागची रेघ मधून जाते. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच, त्यांच्यावर सगळं वेगळं राहतं. माझे तीनच असतात: पुढचं, मधलं, मागचं. ए-फोर पान तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपक्यांना, घेते. पुढच्या लेयरवर बारा पिक्सेलची रेघ, म्हणजे छापल्यावर साधारण एक मिलिमीटर. मधल्यावर सात, मागच्यावर चार. बरेच जण मागचा लेयर फिका करायला सांगतात, रंगीत छपाई असेल तर ते ठीक आहे. माझ्या झेरॉक्सवाल्याकडे फिकी रेघ जागोजागी गायब होते. म्हणून लांबचं सगळं काळंच, पण बारीक आणि तुटक. चारपेक्षा बारीक जाऊ नका, तीन पिक्सेलची रेघ पडद्यावर नाजूक दिसते आणि पंचविसाव्या प्रतीपर्यंत टिकत नाही.

मुळीच न वापरलेल्या सोयीही आहेत. ढगाचे, पानांचे, गवताचे ठसे उमटवणारे तयार ब्रश मिळतात. दोनदा वापरून सोडले. एकच ठसा तीन वेळा उमटला की मुलांच्या डोळ्यांना ताबडतोब कळतं, "बाई, ही तीन झाडं जुळी आहेत का?" त्यापेक्षा कीबोर्डवरचं एम दाबून चित्र आरशासारखं उलटं करून बघण्याची सोय लाखमोलाची. सगळा भार एका बाजूला गेला असेल तर लगेच कळतं. फोटो बाजूला लावून ठेवण्याची सोयही चांगली, पण मी फोटो आधी बघून घेते आणि मग मिटवते. समोर राहिला की सगळंच काढावंसं वाटतं आणि रेघा वाढतात.

सिमला ऑफिसच्या कार्डात तसंच झालं होतं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या दगडी इमारतीला आजही आपण हे नाव घेतो. रोज तिथून बसने जाणाऱ्या मुलांनाही ते माहीत नसतं, म्हणून कार्ड करायला घेतलं. फोटो समोर ठेवून एकेक दगड काढत बसले. चित्र तपशिलाने भरलं आणि मागच्या ढगाला श्वास घ्यायला जागा उरली नाही. शेवटी दगड फक्त दोन कोपऱ्यांत आणि कमानींभोवती ठेवले, बाकीचे पुसले. खोडरबरासाठी वेगळं हत्यार उचलावं लागत नाही, ई दाबलं की हातातला तोच ब्रश पुसायला लागतो, परत ई दाबलं की काढायला. ही सवय लागल्यापासून मी काढते तितकंच पुसते.

आत्ता ऑगस्ट आहे आणि सध्या माझं सगळं काम या एका कळीवर चाललंय. पावसाळ्यातल्या पुण्याच्या आभाळाला कडच नसते. नुसतं मळभ, करडं, सलग. मेमधली सपाट बुडाची युक्ती इथे उपयोगाची नाही. दोन आठवडे मी आडव्या रेघा मारून बघितल्या, आभाळाऐवजी त्या पावसाच्या किंवा पाण्याच्या वाटायच्या. मग गेल्या रविवारी सकाळी सिंहगडावर ढग उतरला होता. पायथा दिसत होता, मधली एक पायरी दिसत होती, माथा आणि मनोरा नाहीच. मी पूर्ण सिंहगड काढला, मनोऱ्यासकट, आणि मग ई दाबून दाब कमी-जास्त करत वरचा अर्धा पुसत गेले. एका जागी कड्याच्या दोन उभ्या रेघा अर्धवट ठेवल्या, मनोऱ्याचं फक्त टोक ठेवलं. ढगासाठी एकही रेघ काढली नाही. सोमवारी कार्ड वर्गात लावलं तेव्हा एक मुलगा पुढे येऊन, मी पुसलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "इथे ढग आहे."

पेनचं पहिलं टोक सात महिन्यांनी झिजून तिरकं झालं, आता दुसरं चालू आहे. डबीत आठ शिल्लक आहेत, एक वर्गातल्या कपाटाखाली गेलं ते सापडलं नाही.