८८,५०० रुपयांची कन्सल्टन्सी आणि फुकटची एक एक्सेल फाइल

परदेशी नोकरी मिळवून देण्याचं आश्वासन देणाऱ्या एका कन्सल्टन्सीला पाचपैकी एक तारा देते, तोही चहासाठी. चहा खरंच चांगला होता, आलं घातलेला.

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर हे ऑफिस. नाव लिहीत नाही, वकील मैत्रिणीने तसं बजावलंय. काचेचं दार, रिसेप्शनमागे लंडन ब्रिजचा म्हणून लावलेला टॉवर ब्रिजचा फोटो. खरं तर तिथेच मागे फिरायला हवं होतं. मी डेक्कन कॉलेजची एम.ए., पुरातत्त्व. तीन हंगाम उत्खननाचा अनुभव, त्यानंतर एका संग्रहालयात कंत्राटी नोकरी, अकरा-अकरा महिन्यांची. दर वर्षी बाराव्या महिन्यात घरी बसायचं आणि पुन्हा अर्ज करायचा. तिसऱ्यांदा घरी बसले तेव्हा बाबा म्हणाले, “बाहेर बघ की.” मी बघितलं.

मे २०२४. काउन्सेलर सरांनी माझा बायोडेटा तीस सेकंदांत वाचला आणि म्हणाले, “मॅडम, यूकेमध्ये आर्किऑलॉजिस्ट शॉर्टेज लिस्टवर आहेत. स्पॉन्सरशिप म्हणजे फॉर्मॅलिटी.” (शॉर्टेज लिस्ट म्हणजे माणसं कमी पडणाऱ्या कामांची ब्रिटिश सरकारची यादी, आणि स्पॉन्सरशिप म्हणजे नोकरी देणाऱ्या तिथल्या संस्थेने व्हिसासाठी तुमची जबाबदारी घेणं.) समोर लॅमिनेट केलेला कागद ठेवला. त्यावर किमान पगार २६,२०० पौंड. फी ७५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८,५००. आईची एक एफडी मोडली.

त्या कागदाबद्दल आता सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. शॉर्टेज लिस्ट नावाची गोष्ट एप्रिल २०२४ मध्येच बंद झाली होती. तिच्या जागी ‘इमिग्रेशन सॅलरी लिस्ट’ आली. त्याच दिवशी स्किल्ड वर्कर व्हिसासाठीचा किमान पगार २६,२०० वरून एकदम ३८,७०० पौंडांवर गेला. पुरातत्त्वज्ञ नव्या यादीतही होते, त्यामुळे सवलत म्हणून त्यांच्यासाठी हा उंबरठा ३०,९६० चा. शिवाय त्या कामासाठी सरकारने ठरवलेला वेगळा दर असतो, आणि दोन्हींपैकी जो जास्त तो गाठावा लागतो. (२०२५ च्या जुलैपासून हे आकडे आणखी वर गेलेत, सर्वसाधारण उंबरठा ४१,७०० आहे.) म्हणजे मी पैसे भरले तेव्हा तो कागद महिनाभर शिळा होता. लॅमिनेशनचं हेच वाईट, कागद कधी पिवळा पडत नाही.

आणि क्युरेटर, आर्काइव्हिस्ट? ते यादीत नव्हतेच. संग्रहालयातली सहायकाची नोकरी ३८,७०० च्या आसपासही फिरकत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. उलट माझ्या नावाने जे चाळीसएक अर्ज गेले, त्यांतले निम्मे संग्रहालयांच्या स्वागतकक्षातल्या आणि दुकानातल्या नोकऱ्यांचे. दोन तर चक्क स्वयंसेवकांच्या जागा. बिनपगारी कामासाठी मी ८८,५०० भरले होते.

बायोडेटाचं काय केलं ते तर ऐकाच. मी लिहिलं होतं, खापरांची वर्गवारी, रेखाटन, नोंदी. त्यांनी त्याचं केलं ‘एक्स्कॅव्हेशन मॅनेजर विथ हेवी मशिनरी’. मी आयुष्यात जेसीबीच्या पाच फुटांच्या आत गेलेली नाही. विचारलं तर म्हणाले, “मॅडम, कीवर्ड लागतात.”

सप्टेंबरात एक ऑफर आलीसुद्धा. जीमेलच्या पत्त्यावरून, एका मोठ्या संग्रहालयाच्या नावाने, ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपचं शुल्क’ म्हणून १,२०० पौंड मागणारी. काउन्सेलर सर उत्साहात होते. मी त्या रात्री पहिल्यांदा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचायला बसले. स्पॉन्सर करण्यासाठी मोठ्या संस्थेला तेव्हा माणशी दर वर्षी १,००० पौंडांचा स्किल्स चार्ज सरकारला भरावा लागत असे, आणि तो कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. जी संस्था स्वतःचा खर्च उमेदवाराच्या माथी मारते ती एक तर नियम मोडते, नाही तर ती संस्थाच नसते.

त्याच पानावरून मला ती फाइल मिळाली. परवानाधारक स्पॉन्सरांची यादी, सगळ्यांना खुली, फुकट. उघडायची आणि नावाच्या रकान्यात ‘आर्किऑलॉजी’, ‘म्युझियम’, ‘हेरिटेज’ असे शब्द गाळणीला लावायचे. कन्सल्टन्सीने जिथे अर्ज केले होते त्यांतली बरीच नावं यादीत नव्हतीच. परवानाच नाही तर स्पॉन्सर कसे करणार? पाच महिन्यांत त्यांनी जे केलं नाही ते मी एका रविवारी दुपारी केलं, आईच्या साबुदाणा वड्यांबरोबर. या फाइलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण परवाना आहे म्हणजे नोकरी आहे, असं ती सांगत नाही, आणि आपल्याला मात्र तसंच वाटतं.

तिकडे उत्खननाच्या नोकऱ्या मुळात का आहेत, हेही मला इतक्या उशिरा कळलं. १९९० मध्ये इंग्लंडमध्ये ‘पीपीजी १६’ नावाच्या नियोजनविषयक सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या. बांधकामाखाली अवशेष असतील तर त्यांच्या उत्खननाचा आणि नोंदींचा खर्च बिल्डरने सोसायचा, अशी पद्धत त्यांतून रुळली. म्हणजे तिथला बहुतेक पुरातत्त्वज्ञ कुठल्याही खात्यात नसतो, तो बिल्डरच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीत किंवा ट्रस्टमध्ये असतो. एचएस-टू या नव्या वेगवान रेल्वेमार्गाचं काम निघालं तेव्हा माणसं कमी पडली, ती यामुळे. त्याच कामात लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळच्या जुन्या दफनभूमीत २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाला जहाजाने फेरी मारणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सची शवपेटी सापडली, नावाच्या शिशाच्या पट्टीवरून ओळखली. आपल्याकडे मेट्रोच्या खड्ड्यात काही सापडलं की आधी झाकायचं कसं हा विचार होतो. असो.

यादीतून निवडून मी स्वतः अकरा अर्ज केले, जेसीबी काढून टाकलेल्या बायोडेटासह. एका कंपनीने व्हिडिओवर मुलाखत घेतली. पंचवीस मिनिटं, अतिशय सभ्य माणसं. पहिला प्रश्न, सीएससीएस कार्ड आहे का? बांधकामाच्या जागेवर पाय ठेवायला तिथे हे कार्ड मागतात, त्यासाठी सुरक्षिततेची परीक्षा द्यावी लागते. मग, गाडी चालवता का? मग, सिंगल कॉन्टेक्स्ट पद्धतीने नोंदी केल्यात का? इथे मी अडखळले. आपण अजून चौकोनी खंदक आखतो, मध्ये बाल्क, म्हणजे न खणलेली मातीची भिंत सोडतो, ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने इथे रुजवलेली पद्धत. त्याच व्हीलरच्या देशात ती कधीच मागे पडली. तिथे सगळा भाग मोकळा खणतात आणि प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक भरावाला स्वतंत्र नोंदपत्रक असतं. मी खरं ते सांगितलं. त्यांनीही खरं सांगितलं. परवाना आहे, पण खणणाऱ्या सहायकाचा पगार व्हिसाच्या उंबरठ्याखाली येतो, म्हणून प्रोजेक्ट ऑफिसरच्या वरच्या जागांसाठीच ते स्पॉन्सर करतात. त्यासाठी तिथल्या कामाचा अनुभव हवा. आणि तो व्हिसाशिवाय मिळणार कसा?

डेक्कनची एक सीनिअर ताई तिकडे उत्खनन करणाऱ्या एका युनिटमध्ये आहे. तिला फोन केला तर म्हणाली, “अगं, मला विचारायचंस ना आधी! मी एम.ए. इथे पुन्हा केलं, मग ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं चिखलात खणलं, तेव्हा कुठे तिसऱ्या कंपनीने स्पॉन्सर केलं. तुझा तो माणूस कुठल्या जगात आहे?” (ग्रॅज्युएट व्हिसा म्हणजे तिथे शिकलेल्यांना नंतर काही काळ काम करू देणारा व्हिसा.) हा रस्ता खरा आहे, फक्त त्याला वीस-पंचवीस लाख लागतात.

थोड्या काळासाठी जायचं असेल तर वेगळी दारं आहेत, आणि ती काउन्सेलर सरांनी ऐकलेलीही नव्हती. ब्रिटिश म्युझियमचं इंटरनॅशनल ट्रेनिंग प्रोग्राम २००६ पासून चालू आहे, भारतातल्या संग्रहालयांतली माणसंही तिथे जाऊन आलीत. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट कला आणि वारसाक्षेत्रातल्या भारतीयांना ब्रिटनमध्ये शिकायला, संशोधनाला मदत करतो. हा वॉलेस म्हणजे कलकत्त्याच्या शॉ वॉलेस कंपनीवाला, पैसा इथलाच आहे. नोकरी नाही मिळत यातून, काही आठवडे किंवा महिने मिळतात. पण फॉर्म भरायला ८८,५०० लागत नाहीत.

पैसे परत मागायला गेले तेव्हा मी आणखी एक गोष्ट तपासून गेले होते. परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ई-मायग्रेट संकेतस्थळावर नावं दिसतात, आणि त्यांना उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. यांचं नाव तिथे नव्हतं. सर शांतपणे म्हणाले, “आम्ही रिक्रूटर नाही मॅडम, कन्सल्टंट आहोत.” करारातही तसंच होतं, सातव्या पानावर. दोन तास बसून राहिले, तिसऱ्या चहानंतर २०,००० परत मिळाले.

सध्या मी पुन्हा संग्रहालयात आहे, अकरा महिन्यांवर. जुन्या नोंदवह्यांतल्या नाण्यांचे क्रमांक संगणकावर चढवतेय. सीएससीएसच्या परीक्षेचं पुस्तक डाउनलोड करून ठेवलंय. कन्सल्टन्सीचे मेसेज अजून येतात. परवाचा होता, ‘अर्जंट! दुबई म्युझियम जॉब, फ्री व्हिसा’. उघडून पाहिलं तर मॉलमधल्या ट्रॅम्पोलिन पार्कवर तिकिटं फाडायचं काम होतं.