नंबरचा मास्क घेताना मी कशी फसले

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे ६ आहे. डाव्याचा उणे ५.२५ आणि वर सिलिंडर (एकाच दिशेला लागणारा जादा नंबर) उणे १. चष्मा काढला की समोरचं माणूस मी आवाजावरून ओळखते. एवढा नंबर ज्यांना आहे आणि ज्यांना एकदा तरी पाण्याखालचं जग बघायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. गेल्या डिसेंबरात 'नंबरचा स्नॉर्कलिंग मास्क' (पाण्यात डोकं घालून खालचं बघायला डोळ्यांवर लावायचा) म्हणून ६८०० रुपयांना जे माझ्या हातात आलं, ते आणखी कुणाच्या हातात येऊ नये.

लेक सहावीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिनं प्रवाळांची माहिती जमवली आणि मालवणचं वेड डोक्यात घेतलं. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहेत, हे सगळं तिनंच मला शिकवलं. आम्ही कोल्हापूरचे. राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असं सकाळी निघालं की दुपारी जेवायला मालवणात. जाण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तिच्या अटीचा: "आई, तू काठावर बसायचं नाहीस. माझ्याबरोबर पाण्यात यायचं."

चष्म्यावर मास्क बसत नाही. चष्म्याची काडी कानाकडे जाते तेवढ्या जागेत मास्कची मऊ कड चेहऱ्याला टेकत नाही आणि तिथून पाणी आत येतं. कॉन्टॅक्ट लेन्सचं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला अशी जखम करतो की नजर जाऊ शकते. राहिला एकच मार्ग, नंबरच्या काचा बसवलेला मास्क.

मोबाईलवर जाहिरात दिसली म्हणून त्या विक्रेत्याला फोन केला. आता वाटतं, तो मला फसवणार हे कळायला काही जागाच नव्हती, कारण त्यानं सगळे प्रश्न बरोबर विचारले. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागितला. दोन बुबुळांमधलं अंतर विचारलं. "सिलिंडरसकट काच घासून देतो ताई, आमचं हेच काम आहे," म्हणाला. पैसे आधी, तेही एका मोबाईल नंबरवर. मी पाठवले. दहा दिवसांचं सांगून विसाव्या दिवशी पार्सल आलं, आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी.

खोका उघडला तर नव्या रेनकोटसारखा वास. आत बिल नाही. मास्क चेहऱ्याला लावून मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं. सहा-सात फुटांवरून रविवारचे आकडे लाल डागांसारखे दिसत होते, बाकीच्या तारखा दिसतच नव्हत्या. तिथल्या तिथे फोन लावला. त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहिते, कारण याच वाक्यावर पुढचं सगळं घडलं: "ताई, हवेत तो धूसरच दिसणार. काच पाण्याच्या हिशेबानं केलीय. पाण्यात नंबर निम्मा होतो. उद्या समुद्रात बघा, मग मला फोन करा."

मला ते पटलं. बादलीच्या तळाशी टाकलेलं नाणं वर आल्यासारखं दिसतं, हे शाळेत सगळ्यांनीच शिकलेलं असतं. पाणी नजरेला काहीतरी करतं एवढं माहीत होतं, नेमकं काय ते माहीत नव्हतं. त्यानं बरोबर त्याच फटीत बोट घातलं.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या बाजूला होडी थांबली. लाइफ जॅकेट घालून, रिंगला धरून आम्ही पाण्यात उतरलो. डोकं खाली घातलं. माझा स्वतःचा हात, बांगडी, बोटाची नखं, सगळं लख्ख. त्यापुढे हिरवट-करडा धूर. त्यातून पिवळं काहीतरी सरकत जाई आणि विरून जाई. डाव्या नाकपुडीजवळून पाणी आत झिरपत होतं, डोळ्यांची आग होत होती. दर दोन मिनिटांनी डोकं वर काढून मी मास्क रिकामा करत होते. होडीवाल्या दादांच्या ते लक्षात आलं. "ताई, तुमका काय दिसणा नाय वाटता," ते म्हणाले. मी म्हटलं, पाण्यात असंच दिसतं ना? ते माझ्याकडे बघत राहिले.

लेक मात्र पाण्यातून उसळून वर आली. "आई, तो पोपटासारखा रंग असलेला बघितलास? दगड कुरतडत होता!" मी म्हटलं, "हो बघितला." तिच्याशी मी खोटं बोलले. फसवणुकीतली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही आहे.

घरी आल्यावर मास्क घेऊन आमच्या नेहमीच्या चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी रबरी कड मागे दुमडून काच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, धरली, चकती फिरवली, पुन्हा फिरवली, मग दुसरी काच धरली. दोन्ही काचा उणे २.५. दोन्ही अगदी सारख्या. सिलिंडर औषधालासुद्धा नाही. माझ्या चिठ्ठीकडे कुणी बघितलंही नव्हतं. पडून असलेला तयार मास्क होता आणि मला कळणार नाही या भरवशावर तो पाठवला होता.

मग काकांनी कागदावर रेघा मारून जे समजावलं, ते मला पैसे पाठवण्याआधी कळलं असतं तर एका मिनिटात पार्सल परत गेलं असतं. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचं मोठं काम बुबुळाचा बाहेरचा बाक करतो. पाणी थेट डोळ्याला लागलं की तो बाक जवळजवळ निकामी होतो, म्हणून चांगली नजर असलेल्यालाही पाण्यात उघड्या डोळ्यांनी धूसर दिसतं. मास्क डोळ्यासमोर हवेचा कप्पा धरून ठेवतो आणि बुबुळाला त्याचं काम परत मिळतं. मास्कची बाहेरची काच सपाट असते. नंबर असतो आतल्या बाजूला, त्या हवेच्या कप्प्यात. म्हणजे तुम्ही दिवाणखान्यात असा की समुद्रात, नंबरच्या बाजूला हवाच आहे. घरात कॅलेंडर वाचता येत नसेल तर पाण्यात मासा दिसणार नाही. 'हवेत धूसर, पाण्यात स्वच्छ' असा मास्क नसतो.

विक्रेत्याच्या बोलण्यात खरं होतं ते एवढंच: पाण्यात वस्तू आहे त्यापेक्षा पाव हिश्शानं जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. त्यामुळे उणे १, दीड नंबरवाल्यांचं साध्या मास्कवर बऱ्यापैकी भागतं. पण माझ्यासारखीला काय मिळतं याचा हिशेब काकांनी करून दाखवला. उणे ६ ला चष्म्याशिवाय साधारण १७ सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. पाण्यात त्याचे होतात २२. एक वीत. आणि त्या उणे २.५ च्या काचांनी माझ्या उजव्या डोळ्याचा उरलेला नंबर होता साडेतीन, म्हणजे पाण्यात सव्वा फूट. म्हणूनच माझा हात लख्ख होता आणि त्यापुढे धूर.

लेन्सोमीटर हाताशी नसेल तर घरीही एक तपासणी होते, तीही काकांनीच शिकवली. चष्मा हातभर लांब धरायचा आणि काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघत चष्मा हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचा. उणे नंबर असेल तर काचेतली कड चष्म्याबरोबर त्याच दिशेला सरकते आणि नंबर जितका मोठा तितकी भराभर. आता तसाच मास्क हलवून बघा. माझ्या चष्म्यात कड धावत होती, मास्कमध्ये जेमतेम सरकत होती. आता चष्म्याची डावी काच त्याच जागी घड्याळाच्या काट्यासारखी फिरवली की सिलिंडरमुळे कड तिरकी होते. मास्क कितीही फिरवला तरी ती सरळच. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दोन मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट होती.

झिरपण्याचं कारणही निघालं. कड सिलिकॉनची म्हणून विकली होती, होती पीव्हीसीची. चांगल्या सिलिकॉनला तसा रेनकोटी वास येत नाही आणि ते चेहऱ्यावर मऊ बसतं. घेताना पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं हलका श्वास ओढायचा. हात सोडल्यावर तो चेहऱ्याला धरून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर तिथून हवा शिरते, हे पुरुषांनी ध्यानात ठेवावं. काच टेम्पर्ड (तापवून कणखर केलेली) हवी, तसं काचेवर कोरलेलं असतं.

नंबरच्या काचांबद्दल विक्रेत्यांच्या तोंडून अर्धवट ऐकायला मिळतं, म्हणून थोडं सविस्तर. दोन वेगळ्या काचांचे काही मास्क असे असतात की साधी काच काढून तिथे कंपनीची तयार नंबरची काच बसते. या बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यानं मिळतात आणि त्यांत सिलिंडर नसतो. डावी-उजवी काच वेगळी असते, त्यामुळे दोन डोळ्यांना दोन नंबर घेता येतात. सिलिंडर थोडा असेल तर त्याचा निम्मा मूळ नंबरात मिळवतात. माझा डावा असा होतो ५.७५. सिलिंडर जास्त असेल तर नंबराची काच खास घासून मास्कच्या काचेला आतून चिकटवून घ्यावी लागते, आणि ते काम करणाऱ्यानं तुम्हाला बिलावर नंबर लिहून दिलाच पाहिजे. आणखी एक: मास्कची काच चष्म्यापेक्षा डोळ्यापासून लांब असते, त्यामुळे मोठ्या नंबराला अर्ध्या नंबरापर्यंत फरक पडू शकतो. ते चष्मेवाल्याशी बोलून ठरवा, विक्रेत्याशी नको. अख्खा चेहरा झाकणारे मास्क हल्ली खूप दिसतात. त्यांतही चष्म्याच्या काड्या कड उचलतातच, आत अडकवायची वेगळी फ्रेम लागते.

पैशांचं सांगते. मी विक्रेत्याला लेन्सोमीटरवरचे आकडे लिहिलेली काकांची चिठ्ठी पाठवली. आधी म्हणाला, नव्या काचेवर वाफ धरते म्हणून धूसर दिसलं असेल, टूथपेस्टनं घासा. मग म्हणाला, कस्टम माल परत होत नाही. तिसऱ्या दिवशी माझा नंबर ब्लॉक. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत, त्या मला तोवर ठाऊक नव्हत्या. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी तीस दिवस धरले जातात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तक्रार मी केली आहे, निकाल अजून नाही. खोका, त्यावरची कुरिअरची पट्टी, पैसे पाठवल्याची नोंद, त्याच्याशी झालेलं सगळं बोलणं आणि काकांची सही-शिक्क्याची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत ठेवलं आहे. फोनवरचं 'पाण्यात नंबर निम्मा होतो' हे वाक्य मात्र माझ्याकडे लेखी नाही. त्याच संध्याकाळी मी ते मेसेजमध्ये विचारून घ्यायला हवं होतं, म्हणजे तेही पिशवीत असतं.

जानेवारीत एका रात्री लेकीला खरं सांगितलं, की त्या दिवशी मला तिचा मासा दिसला नव्हता. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग परत जाऊ."

फेब्रुवारीत गेलो. या वेळी दुकानात जाऊन, बिल घेऊन, उजवीकडे उणे ६ आणि डावीकडे उणे ५.५ (५.७५ अर्ध्याच्या टप्प्यात बसत नाही) अशा तयार काचांचा मास्क आणला होता. काकांनी तो लेन्सोमीटरवर बघून दिला, आणि त्याआधी मी घरात सहा-सात फुटांवरून कालनिर्णयची तारीख वाचली होती. होडीवाले तेच दादा होते. पाण्यात डोकं घातलं तेव्हा लेकीनं माझा हात धरून एका कपारीकडे बोट केलं. आत काळा सी अर्चिन, काटेरी चेंडूसारखा समुद्री जीव, बसला होता. त्याचा एकेक काटा वेगळा दिसत होता.