‘शून्य लिवा, मॅडम’: विहिरींच्या नोंदी झेनोडोवर ठेवल्या, त्याचा अनुभव

अंबाजोगाई तालुक्यातल्या ३८ विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी माझ्याकडे आहेत. मे २०१३ पासून वर्षातून दोनदा, मेअखेर आणि ऑक्टोबरअखेर, मी स्वतः किंवा माझे भूगोलाचे विद्यार्थी टेप घेऊन विहिरीवर जातो. कुणी सांगितलं नव्हतं, कुठला प्रकल्प नव्हता. आधी पीएच.डी.साठी सुरू केलं आणि नंतर थांबवावंसं वाटलं नाही.

या नोंदी बरीच वर्षं तीन ठिकाणी होत्या: वहीत, माझ्या पेनड्राइव्हवर आणि विभागातल्या एका संगणकावर. एका उन्हाळी सुट्टीत तो संगणक कुणीतरी फॉरमॅट केला. पेनड्राइव्हवरची फाइल जुनी निघाली. वह्या होत्या म्हणून वाचलो. महिनाभर बसून सगळं पुन्हा भरलं. त्यानंतर मी ऑनलाइन डेटा भांडार शोधायला लागले आणि झेनोडोवर आले. दीड वर्ष ते वापरते आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत असे कितीतरी संच कपाटात पडून आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

झेनोडो २०१३ पासून आहे. जिनिव्हाजवळची सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा ते चालवते आणि फाइली तिच्याच डेटा केंद्रात राहतात. पैसे लागत नाहीत. एका नोंदीत (म्हणजे तिथल्या एका पानावर ठेवलेल्या संचात) ५० जीबीपर्यंत आणि १०० फाइलींपर्यंत ठेवता येतं. माझी मुख्य सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरात साठवलेला तक्ता) एक एमबीसुद्धा नाही, त्यामुळे मर्यादेचा प्रश्नच आला नाही. विषयाचं बंधन नाही आणि मोठ्या संस्थेचा शिक्का लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या प्राध्यापिकेला ऑर्किड क्रमांकाने (संशोधकाच्या ओळख क्रमांकाने) आत जाता येतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक नोंदीला डीओआय मिळतो, म्हणजे शोधनिबंधात देता येईल असा कायमचा पत्ता. तो प्रकाशित करण्याआधीच राखून ठेवता येतो. मी तसंच केलं आणि माहितीच्या फाइलीत (रीडमीत) तो आधीच लिहून टाकला.

फॉर्म भरायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्याच्या आधीची तयारी चार महिने चालली, आणि ते चार महिने हाच खरा अनुभव आहे.

पहिला प्रश्न कठड्याचा. आपण पाण्यापर्यंतची खोली मोजतो, पण कुठून? बांधीव विहिरीला कठडा असतो आणि टेप कठड्यावर टेकवून सोडायची सोपी सवय लागते. कच्च्या विहिरीला कठडा नसतो, तिथे जमिनीपासून मोजलं जातं. म्हणजे एकाच रकान्यात दोन वेगळी मापं. नोंदी गोळा करताना हे मनात होतं, कागदावर मात्र कुठेच नव्हतं. विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळ्या विहिरींवर गेलो, कठड्यांची उंची मोजली (बहुतेक ठिकाणी दोन ते अडीच फूट), ती वजा केली आणि सगळी मापं जमिनीपासून केली. कठड्याची उंची वेगळ्या रकान्यात ठेवली, म्हणजे कुणाला मूळ माप हवं असेल तर परत काढता येईल.

दुसरा प्रश्न परसाचा. विहीर किती खोल, असं विचारलं की जुनी माणसं परसात सांगतात: ‘सात परस हाय’. परस म्हणजे पुरुषभर खोली, पण तो कुणाच्या हिशेबाने सहा फुटांचा, कुणाच्या पाचाचा. सुरुवातीच्या वहीत मी परसाचे फूट करून लिहिले होते आणि किती फुटांचा परस धरला ते लिहिलं नव्हतं. ते आकडे टाकून दिले. मेमध्ये तळ उघडा पडलेल्या विहिरी टेपने मोजल्या, उरलेल्यांसमोर ‘मालकाने सांगितलेली खोली’ असं लिहिलं.

बाकीची दुरुस्ती ओळखीचीच. तारखा २०१८-१०-२५ अशा वर्षापासून लिहिल्या, कारण ०५-१०-२०१८ म्हणजे पाच ऑक्टोबर की दहा मे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. आकडे देवनागरीत होते. आर या सॉफ्टवेअरने त्यांना आकडा न मानता मजकूर मानलं, म्हणून इंग्रजी आकडे केले. गावांची नावं देवनागरीतच ठेवली, पण शेजारी २०११ च्या जनगणनेतला गावाचा कोड दिला. धानोरा, पिंपळगाव, वडगाव ही नावं मराठवाड्यात किती आहेत, सांगायला नको. फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत) साठवली तरी एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठीच्या जागी विचित्र चिन्हं यायची. साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा खास पर्याय निवडला, तेव्हा कुठे अक्षरं नीट दिसली.

एवढं करून पहिली आवृत्ती प्रकाशित केली. मला वाटलं, झालं.

सहा महिन्यांनी नांदेडकडच्या एका संशोधक विद्यार्थ्याचा ईमेल आला. माझी फाइल घेऊन त्याने आलेख काढला होता. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, ‘मॅडम, मे २०१६ मध्ये बऱ्याच विहिरी काठोकाठ भरलेल्या दिसतात. हे कसं?’

मे २०१६! त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या मेमध्ये आम्ही विहिरीवर जायचो आणि खाली फक्त मुरूम आणि काळा खडक दिसायचा. एका विहिरीवर मालक आजोबा म्हणाले होते, ‘लिवा की शून्य, मॅडम. पाणी न्हाई म्हंजी शून्यच.’ मी वहीत शून्य लिहिलं. त्या दिवशी आणि त्या हंगामात सगळीकडे लिहिलं.

पण माझ्या रकान्याचं नाव ‘पाण्यापर्यंतची खोली’ होतं. त्या रकान्यात शून्याचा अर्थ पाणी जमिनीला टेकलं असा होतो. आजोबांचं शून्य बरोबर होतं आणि वहीतलं शून्यही मला कळत होतं, पण फाइलीतलं शून्य नेमकं उलटं बोलत होतं. दुष्काळातल्या सगळ्यात वाईट उन्हाळ्याला माझ्या संचाने सुकाळ ठरवलं होतं. ईमेल वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

दुरुस्ती अशी केली. कोरड्या विहिरीसमोर मापाचा रकाना रिकामा ठेवला आणि ‘स्थिती’ असा नवा रकाना काढला. त्यात तीनच शब्द येतात: मोजली, कोरडी, मोजता आली नाही. तिसरा शब्द गरजेचा आहे, कारण कधी मालक गावाला गेलेला असतो, कधी कपारीत आग्यामोहोळ असतं, आणि रिकामा रकाना पाहून कुणी विहीर कोरडी समजू नये. शिवाय प्रत्येक विहिरीची एकूण खोली जोडली. विहीर कोरडी म्हणजे पाणी तळाच्याही खाली गेलं. नेमकं किती खाली ते माहीत नाही, पण निदान इतकं खाली, हे त्यातून कळतं. मधल्या काळात पाच विहिरींचा गाळ काढून त्या खोल केल्या होत्या. तेही साल घालून लिहिलं.

इथे झेनोडोची जी गोष्ट मला आवडली ती सांगते. नवी आवृत्ती चढवली तेव्हा पहिली पुसली गेली नाही. दोन्ही आवृत्त्यांना आपापला डीओआय आहे आणि सगळ्या आवृत्त्यांसाठी मिळून आणखी एक. ज्याने पहिली फाइल वापरली असेल त्याला आपण काय वापरलं ते पाहता येतं, आणि पुढे दुरुस्ती झाली हेही दिसतं. नव्या आवृत्तीच्या वर्णनात काय चुकलं होतं ते मी पहिल्याच ओळीत लिहिलं. चूक झाकली जात नाही, पण तिच्यामुळे कुणी फसतही नाही. प्रत्येक फाइलीखाली एमडीफाइव्हची खूण असते. उतरवलेली फाइल अगदी तीच आहे का, हे त्यावरून ताडता येतं. सीएसव्ही पानावरच तक्त्यासारखी उघडते, त्यामुळे विद्यार्थ्यांना मोबाइलवरही दाखवता येते.

आता तक्रारी. झेनोडो तुमचा डेटा सांभाळतं, समजून घेत नाही. माझी शून्यं तिथे कुणीही अडवली नाहीत. रकान्यांचं स्पष्टीकरण आहे का, एकक कोणतं, हे फॉर्म विचारत नाही. शीर्षक, लेखक, तारीख, प्रकार एवढं भरलं की प्रकाशित करता येतं. काही भांडारांत माणसं बसून संच तपासतात, उदाहरणार्थ ड्रायड, पण तिथे शुल्काचा प्रश्न येतो. म्हणून झेनोडो वापरणाऱ्याने तपासणारा माणूस स्वतः शोधायला हवा. माझं सांगणं असं: ज्याने तुमच्या विहिरी कधी पाहिल्या नाहीत त्याला फक्त फाइल आणि रीडमी द्या आणि एक आलेख काढायला सांगा. मी ते आधी केलं असतं तर नांदेडहून ईमेल यायची वेळ आली नसती.

सगळा फॉर्म इंग्रजीत आहे. मात्र भाषेच्या रकान्यात मराठी निवडता येते आणि शीर्षक, वर्णन दुसऱ्या भाषेतही जोडता येतं. मी दोन्ही केलं. रीडमीही दोन भाषांत आहे, कारण ज्यांच्या विहिरी आहेत त्यांची मुलं ते वाचतात.

चढवताना लाइट गेली की फाइल पुन्हा पहिल्यापासून. छोट्या फाइलीला त्रास झाला नाही, पण वह्यांच्या स्कॅनचं १.८ जीबीचं एकच गाठोडं तीन वेळा तुटलं. मग वहीगणिक वेगळी झिप केली आणि पहाटे बसले.

ते स्कॅन सगळ्यांसाठी उघडे नाहीत. वहीत मालकांची नावं आहेत, गट नंबर आहेत. कुणाच्या विहिरीला मेमध्ये पाणी असतं ही साधी माहिती नाही. जमिनीचे व्यवहार त्यावर ठरतात, शेजाऱ्यांत भांडणं लागतात. उघड्या फाइलीत नावं नाहीत, गट नंबर नाहीत, आणि अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंतच आहेत, म्हणजे साधारण एक किलोमीटरच्या आत विहीर कुठेतरी आहे एवढंच कळतं. स्कॅन आणि नेमक्या जागा वेगळ्या नोंदीत, मर्यादित प्रवेशाखाली ठेवल्या आहेत. कुणी मागणी केली तर मला सूचना येते आणि द्यायचं की नाही ते मी ठरवते. आतापर्यंत दोघांनी मागितलं. एकाला दिलं, दुसऱ्याने कशासाठी हवं ते सांगितलं नाही, त्याला नाही दिलं. परवान्याचा रकाना मात्र घाईत भरू नका. उघड्या फाइलीला मी सीसी बाय ४.० ठेवला: कुणीही वापरा, पण नाव द्या. हे ठरवण्याआधी विहीरमालकांशी बोलले. एकच जण नको म्हणाले. त्यांची विहीर संचात नाही, म्हणून मोजतो ३८ आणि फाइलीत आहेत ३७.

ऑक्टोबरच्या नोंदी आल्या की तिसरी आवृत्ती चढवायची आहे. त्याआधी एक फेरी लागणार. यंदा तीन विहिरींना नवे कठडे बांधलेत, आणि त्यांची उंची अजून मोजलेली नाही.